दिव्यावरचे काचमणी आणि नाशकातला एक कट्टा

काचकमळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी इंदिरानगरला राहते आणि गच्चीवरच्या खोलीत काचेचे मणी करते. ज्योतीवर, एकेक करून. पूर्वी हे काम तेलाच्या दिव्यावर चालायचं, आता गॅसच्या टॉर्चवर चालतं. नाव मात्र लॅम्पवर्कच राहिलं.

नाशकात आणखी काही जण हे करतात असं फेसबुकवर कळलं. सगळे आपापल्या खोलीत एकटे. एखाद्या रंगाची काच संपली तर शेजारच्या वॉर्डात मिळेल की काय, तेही कळायला मार्ग नाही. म्हणून डोक्यात आलं की एक दिवस सगळ्यांनी जमायचं, टॉर्च लावायचे आणि लोकांना मणी होताना दाखवायचा. विक्री असेल, पण ती बाजूला.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्टेनलेस स्टीलची बारीक सळई असते, तिला मँड्रेल म्हणतात. तिचं टोक पांढऱ्या मातीच्या काल्यात बुडवून वाळवायचं. हा थर नसेल तर काच स्टीलला जी धरते ती सुटतच नाही. पावसाळ्यात थर वाळता वाळत नाही, आणि ओलसर राहिला तर ज्योतीत त्याचा टवका उडतो. मग एका हातात मँड्रेल आणि दुसऱ्या हातात काचेची कांडी. कांडी थेट आगीत खुपसायची नाही, नाहीतर तडतडून तुकडे अंगावर येतात. ज्योतीच्या लांबच्या टोकाला शेकत शेकत आत आणायची. टोक लाल होतं, गोळा धरतं, आणि गुळाच्या पाकाला तार सुटावी तशी काच ओघळायला लागते. त्या क्षणी ती मँड्रेलवर गुंडाळायची, मँड्रेल सतत फिरवत. फिरवणं थांबलं की मणी एका अंगाला लोंबलाच.

मणी गोल झाला म्हणजे झालं असं नाही. भोकाशी त्याची दोन्ही टोकं किंचित आत वळलेली हवीत. तिथे काचेची धार राहिली तर नक्षी कितीही देखणी असो, असा मणी माळेत घालायचा नाही. आज ना उद्या तो दोरा कापणार.

व्हेनिस आणि फ्रान्सकडची काचमण्यांची कला २०२० साली युनेस्कोच्या यादीत गेली. आपल्याकडे उत्तर प्रदेशात पुरदिलनगर आहे, वाराणसी आहे. वाराणसीच्या काचमण्यांना तर भौगोलिक मानांकनही मिळालंय. मणी घरोघरी आहेत, पण करणारा माणूस किती जणांनी पाहिलाय?

जागा, गॅस, नियम, खर्च, जे सुचेल ते लिहा.

खवचट

शीर्षक वाचून वाटलं लहानपणीचा पोराटोरांचा मणिमेळा पुन्हा भरतोय. हाफ चड्डी शोधायला उठणार होतो.

असो. सरळ प्रश्न. मेन रोडला पन्नास रुपयांत वाटीभर मणी मिळतात. तुमचा एक मणी कितीला? आणि लोकांनी तो का घ्यावा?

काचकमळ

@खवचट, साधा एकरंगी ऐंशीला, नक्षीचा अडीचशे-तीनशेच्या घरात. हसून घ्या.

का घ्यावा, तर घेऊ नये असंच मी बऱ्याच जणांना सांगते. पडद्याला, तोरणाला, लेकराच्या शाळेच्या प्रकल्पाला वाटीतलेच मणी बरे. माझ्याकडे लोक येतात ते एका मण्यासाठी, जो गळ्यात मधोमध बसतो. एक उदाहरण देते. हस्तिदंती रंगाच्या काचेवर फिरोजी ठिपका ठेवला की ठिपक्याच्या कडेने आपोआप काळसर बारीक रेघ उमटते. ती कोणी काढलेली नसते. हस्तिदंती काचेत गंधक असतं, फिरोजीत तांबं, दोघांची तिथे गाठ पडते. आच किती लागली यावर ती रेघ कुठे केसाएवढी राहते, कुठे पसरते. असले दोन मणी एकसारखे करून दाखवा म्हणणाऱ्याला मी टॉर्च द्यायला तयार आहे.

आणि काही गुलाबी रंगांच्या काचेत खरंच सोनं असतं हो, म्हणून ती कांडी महाग.

कॉलेजरोडची काकू

अगं किती छान! आमच्या वेळी मणी म्हणजे रुखवत. मण्यांचा नारळ, मण्यांची सुपारी, ताटाभोवतीची महिरप, आणि दारावर काचेच्या नळ्यांचं तोरण, त्यात दोन पोपट आणि मध्ये 'सुस्वागतम'. माझ्या लग्नातलं तोरण अजून आहे, एका पोपटाची चोच गेलीय. दुपारची कामं उरकली की वाड्यातल्या सगळ्या जणी ओसरीवर बसायच्या, एकीच्या हातात नमुन्याची वही, बाकीच्या घरं मोजतायत. मण्यांचा कट्टा तर आम्ही तेव्हाच भरवत होतो, फक्त त्याला नाव नव्हतं.

तुमच्या मेळाव्यात आम्हा म्हाताऱ्यांना एक कोपरा द्या. आग नको, सुई चालेल.

भट्टीबहाद्दर

सातपूरला हीट ट्रीटमेंटमध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे राहवत नाही. ताई, तुम्ही सगळं लिहिलंत पण ॲनीलिंग, म्हणजे काच सावकाश गार करणं, कुठे आहे? मणी ज्योतीतून काढून तसाच गार होऊ दिला तर बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागून आकसतो, आणि तो ताण काचेत अडकून बसतो. मणी आज छान दिसेल, महिन्याने डब्यात पडल्यापडल्या तडकेल. प्रदर्शनांत विकले जाणारे कितीतरी 'हँडमेड' मणी असलेच असतात.

मऊ सोडा काचेला साधारण ५१० ते ५२० अंश सेल्सियसवर किल्नमध्ये, म्हणजे छोट्या भट्टीत, मुरू द्यावं लागतं, मग सावकाश खाली आणायचं. बोरोसिलिकेट (प्रयोगशाळेतल्या भांड्यांची कडक काच) असेल तर ५६५च्या आसपास. आणि दोन जातींची काच एका मण्यात मिसळायची नाही. मण्यांच्या नेहमीच्या इटालियन काचेचा प्रसरणांक (तापली की किती फुगते त्याचा आकडा) १०४, बोरोचा ३३. एक जास्त आकसणार, दुसरी कमी, जोड उघडणारच.

ताण राहिलाय की नाही ते घरच्या घरी बघता येतं. लॅपटॉपचा एलसीडी पडदा पूर्ण पांढरा करा. पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून फिरवा, एका कोनात पडदा काळा होईल. आता पडदा आणि गॉगल यांच्या मध्ये पारदर्शक मणी धरा. काळा राहिला तर उत्तम. भोकाभोवती उजळ पट्टे दिसले तर ताण आहे, मणी परत भट्टीत. मेळाव्यात हे एक टेबल ठेवा. लोक आपापले मणी घेऊन रांग लावतील, लिहून देतो.

काचकमळ

काका, किल्न आहे हो! लिहायचं राहिलं नाही, पुढच्या प्रतिसादात लिहिणार होते. पण लॅपटॉपचं टेबल नक्की. तुम्हीच बसा त्यावर.

खवचट

भट्टीबहाद्दर काका, हीच युक्ती स्फटिकाला चालते का? पंचवटीतून घेतलेली एक स्फटिकाची माळ आहे, घेताना दुकानदाराने शपथा घेतल्या होत्या.

भट्टीबहाद्दर

चालते, पण उलटी. स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ, त्यात ताण नसतानाही प्रकाश दुभंगतो, त्यामुळे तो काळ्या पडद्यावर उजळतो, कधी रंग दाखवतो. एका विशिष्ट दिशेने बघितलं तर तो अंधारा दिसू शकतो, म्हणून मणी सगळीकडून फिरवून बघायचा. कसाही फिरवला तरी काळाच राहिला तर ती चांगली मुरवलेली काच. नुसता उजळला म्हणून लगेच स्फटिक ठरवू नका, वाईट थंड केलेली काचही उजळते. मग भिंग घ्या. आत गोल बुडबुडे दिसले तर विषय संपला. स्फटिक काचेपेक्षा कठीणही असतो, कठीणपणाच्या मोह्स मोजपट्टीवर सातच्या घरात, काच साडेपाचच्या आसपास. पण माळेवर ओरखडे काढत बसू नका, वहिनी बोलतील.

ऋतुगंध

मी याच वर्षी शिकायला सुरुवात केलीय, त्यामुळे वाचनखूण साठवली. पण एक रडगाणं गाते.

मागे एका प्रदर्शनात स्टॉल घेतला होता. भाडं भरपूर, टेबल डुगडुगतं, आणि शेजारच्या स्टॉलवर साच्यातले मणी 'हस्तनिर्मित' पाटी लावून किलोवर विकायला. लोक माझ्या टेबलावर यायचे, किंमत ऐकायचे, शेजारी जायचे. आयोजकांना सांगितलं तर म्हणे ताई, ग्राहकाला फरक कळत नाही, तुम्ही कशाला मनावर घेता. टॉर्च लावू द्या म्हटलं तर 'आग नको'. आग नाही, फरक सांगायला जागा नाही, मग कळणार कसा?

काचकमळताई, तुमच्या कट्ट्यात हे होऊ देऊ नका, एवढंच.

तात्या गोदाकाठी

@ऋतुगंध, फरक कळतो, नजर लावली तर. उत्खननातले मणी याच खुणांवरून ओळखतात. मणी सळईवर गुंडाळलेला असेल तर आतल्या रेषा आणि बुडबुडे भोकाला वेढा घालतात. काचेची नळी ओढून तिचे तुकडे केलेले असतील तर बुडबुडे लांबुळके होऊन भोकाला समांतर पळतात. साच्यात दाबलेला असेल तर बहुतेक वेळा कडेला जोडाची शिवण सापडते. दहा रुपयांचं भिंग पुरतं.

आता धाग्यावर आलोच आहे तर थोडं मागे जाऊ. आपल्या गोदाकाठच्या मातीच्या गढीवर डॉ. ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केलं, अहवाल १९५५ साली आला. नाशिक किती जुनं याचा मातीतला पुरावा तिथून मिळाला. सातवाहनांच्या काळात मणी हा चांगला व्यापार होता. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा केलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे, तिथले मणी एकदा बघून याच. काचेच्या मण्यांवर आपल्याकडे खरं काम केलं ते मोरेश्वर गं. दीक्षित यांनी. भारतीय काचेचा इतिहास त्यांनी १९६९ साली इंग्रजीत ग्रंथरूपात मांडला.

दक्षिणेत अरिकमेडूसारख्या ठिकाणी ओढीव काचेचे बारीक एकरंगी मणी होत. ते जहाजांतून पूर्व आफ्रिकेपासून जपानपर्यंत गेले. पीटर फ्रान्सिस या अमेरिकन अभ्यासकाने त्यांना इंडो-पॅसिफिक मणी म्हटलं. त्याच पद्धतीशी नातं सांगणारी पद्धत आंध्रात पापानायडूपेटला त्याने चालू अवस्थेत पाहिली. भट्टीसमोर बसून लोखंडी नळीवरच्या काचेच्या गोळ्यातून पोकळ दोरी हाताने ओढत राहायची, तासन्‌तास. मग तुकडे करायचे, आणि राखेत घोळवून पुन्हा तापवायचे म्हणजे कडा गोल होतात आणि भोकं बुजत नाहीत. साध्या मण्यासाठी किती उपद्व्याप!

पांडवलेणीत नहपान राजाचा जावई उषवदात याच्या शिलालेखात गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, तीन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) व्याजाने ठेवल्याची नोंद आहे. दोन हजारांवर महिना शेकडा एक, एक हजारावर शेकडा पाऊण. म्हणजे तेव्हा गंगापूर रोडकडच्या कारागिरांची संघटना एवढी पक्की होती की राजाचा जावई तिच्याकडे ठेव ठेवत होता. आज आपण एका हॉलचं भाडं कोण भरणार यावर अडलोय.

खवचट

तात्या, शेवटचं वाक्य काळजाला लागलं. पन्नास कार्षापण माझ्याकडून, बिनव्याजी.

द्राक्षबाग

दिंडोरीहून. आमच्याकडे वाइनच्या रिकाम्या बाटल्या ढिगाने पडतात. हिरव्या, तपकिरी, पांढऱ्या. त्यांचे मणी होतात का? होत असतील तर मेळाव्याला टेम्पो भरून आणतो.

काचकमळ

@द्राक्षबाग, होतात. पण टेम्पो नको, पोतं पुरे.

बाटलीची काच कडक असते, माझ्या नेहमीच्या काचेपेक्षा जास्त आच मागते आणि लवकर घट्ट होते. नाजूक नक्षी तिच्यावर जमत नाही, पण साधा जाड मणी फार देखणा होतो. नियम एकच. एक मणी एकाच बाटलीचा. दोन कंपन्यांच्या हिरव्या बाटल्या दिसायला सारख्या असल्या तरी त्या एकत्र आकसतीलच असं नाही. आणि लेबलचा डिंक पूर्ण काढा, नाहीतर काचेत काळी घाण उतरते.

घानामधले क्रोबो लोक तर बाटल्यांची पूडच करतात. मातीचा साचा, प्रत्येक खळग्यात मधोमध कसावाच्या पानाचा देठ उभा, भोवती काचेची पूड. भट्टीत देठ जळून जातो, मागे भोक राहतं. टॉर्च नाही, कांडी नाही. कोफोरिदुआला दर गुरुवारी मण्यांचा बाजार भरतो. आपल्या मेळाव्यात मुलांसाठी हा प्रकार करता येईल, किल्न माझा. देठाची काय सोय करायची ते बघावं लागेल.

पटवेकरांची सून

पहिल्यांदाच लिहितेय इथे. आमचं सराफ बाजारात गाठवण्याचं, म्हणजे दागिन्यांचे मणी दोऱ्यात ओवून बांधण्याचं काम, सासऱ्यांच्या वडिलांपासून. धाग्यात सगळं वाचलं. मणी करणारे दिसले, विकणारे दिसले, विणणाऱ्या काकू दिसल्या. गाठवणारा कुठेच नाही.

मंगळसूत्राची काळी पोत लोक सोनाराकडून घेतात आणि सोनाराने केली म्हणतात. सोनं त्याचं, गाठवणं आमचं. दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून ताण धरायचा, वाट्यांच्या दोन्ही बाजूंना काळे मणी सारख्या मापाचे पडले पाहिजेत. बारीक पोत असेल तर ताटलीत मूठभर मणी पसरून सुई आडवी फिरवायची, मणी आपोआप चढतात. बघायला सोपं वाटतं. हाताखाली कितीतरी पोती गेल्यावर जमतं.

काचकमळताईंनी टोकाच्या धारेचं लिहिलं ना, ते वाचून बरं वाटलं. आमच्याकडे तुटलेली मंगळसूत्रं येतात, बायका घाबरलेल्या असतात, अपशकुन म्हणतात. बहुतेक वेळा कारण एकच. एखाद्या मण्याचं भोक धारदार असतं, त्याने दोरा झिजवलेला असतो. मी तो मणी शोधून काढून त्यांच्या हातावर ठेवते. बाळाच्या मनगट्यांत तर मी एकेक मणी नखाने तपासते.

आणि काळा मणी खरा काळा नसतो बरं का. उन्हात धरला, कडेला पातळ असला, की कितीतरी वेळा गडद जांभळा दिसतो.

काचकमळ

@पटवेकरांची सून, अगदी बरोबर! माझी काळी कांडी बारीक ओढली की तिचा जांभळा दोरा होतो. मँगनीज असतं त्यात.

आणि तुम्ही आल्याशिवाय मेळावा नाही. हे आताच ठरलं.

सिएटलकर

मूळचा नाशिकरोडचा, आता अमेरिकेत. बायको मणी करते, मी तिच्या पेट्या उचलतो, त्यामुळे इथल्या काचमणीकारांच्या मेळाव्याला गेलोय. त्यांची संस्था १९९३ सालची, आणि मेळावा दर वेळी वेगळ्या शहरात.

तिथे मला आवडलेलं सांगतो. करणारा मंचावर टॉर्चसमोर बसतो, वर कॅमेरा, मोठ्या पडद्यावर फक्त त्याचे हात आणि ज्योत. हॉलभर माणसं गप्प. बोलतो तो स्वतःच, 'आता मी थांबलोय, काच गार होऊ देतोय', असं. विक्रीचा बाजार वेगळ्या वेळी, तो सगळ्यांना खुला. पण खरी मजा जेवणाच्या टेबलांवर. प्रत्येकाच्या खिशात स्वतःचे मणी, आणि अदलाबदल चाललेली. पैसे नाहीत. नवख्याचा वाकडा मणीही मोठमोठे लोक हौसेने घेतात. बायकोकडे अशा मण्यांची एक माळ आहे, ती विकायची नाही.

आणखी एक उपक्रम आहे, इथल्या एका परिचारिकेने सुरू केलेला. गंभीर आजारी मुलांना प्रत्येक उपचारासाठी एक मणी मिळतो. सुई टोचली की काळा, केमोला पांढरा. मोठा टप्पा पार पडला की हाताने केलेला खास मणी, तो हे मणीकार फुकट करून देतात. काही मुलांच्या माळा स्वतःच्या उंचीपेक्षा लांब होतात.

@पटवेकरांची सून, व्हेनिसमध्ये मणी ओवणाऱ्या बायकांना इम्पिरारेसे म्हणत. दारात बसून, लाकडी टोपल्यात मणी, हातात लांब सुयांचा पंखा, तो मण्यांत खुपसला की एकदम सगळ्या सुयांवर मणी चढायचे. तुमच्या ताटलीचंच भावंड. मजुरी तुटपुंजी होती, त्यासाठी त्यांनी संपही केलेत.

पटवेकरांची सून

संपाचं सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, आपण केला असता तर लग्नसराईतच करायला हवा होता.

कॉलेजरोडची काकू

मुलांच्या मण्यांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आपणही करू या का? मी ओवून देईन.

ऋतुगंध

काकू, मनापासून वाटतं, पण घाई नको. दवाखान्यात आजारी मुलांच्या हातात काच द्यायची म्हणजे मुरवलेली, धुतलेली, न फुटणारी याची खात्री हवी. आणि आपल्याकडे काळा मणी म्हणजे दृष्टीचा, सुईला काळा असं आईवडिलांना कसं वाटेल कोण जाणे. आधी एखाद्या डॉक्टरांशी बोलून मग.

भट्टीबहाद्दर

ऋतुगंधशी सहमत. आता गॅसवर येतो, कारण मेळावा याच्यावर अडणार.

घरगुती लाल सिलेंडर अशा ठिकाणी नेऊ नका. १४.२ किलोचा तो घरासाठीच असतो. १९ किलोचा निळा व्यावसायिक घ्या, रीतसर पावतीवर. टॉर्चला गॅससोबत ऑक्सिजनही लागतो, पण त्याचा दाबाचा सिलेंडर गर्दीत मला पसंत नाही. कोविडनंतर सेकंड हँड ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर स्वस्तात मिळतायत, दोन-तीन तेच आणा. छोट्या टॉर्चला एक पुरतो. हॉलचं वायरिंग आधी तपासायचं, किल्न आणि कॉन्सन्ट्रेटर एकाच फेजवर टाकलेत तर दिवसभर एमसीबी उचलत बसाल. मंडप कापडी नको. फायर एक्स्टिंग्विशर टेबलाखाली नव्हे, टेबलाशेजारी. करणाऱ्याच्या अंगावर सुती कपडे.

डोळ्यांना डिडिमियम चष्मा, तो सोडियमचा पिवळा भडका गाळतो आणि त्यामागची काच दिसते. प्रेक्षकांना तो परवडणार नाही, म्हणून सिएटलकर म्हणतात तसा पडदा बरा. एक जुना चष्मा पुढे ठेवा, मुलं आळीपाळीने घालून बघतील. आणि मण्याच्या भोकातली माती कोणी कोरडी खरवडायची नाही. ती धूळ फुप्फुसात जाते. पाण्याखालीच.

आग नको म्हणणाऱ्या हॉलवाल्यांवर चिडू नका, त्यांना ही खबरदारीची यादी दाखवा. फिरोजाबादच्या भट्ट्यांचंच बघा ना. ताजमहालाभोवतीच्या पट्ट्यात कोळसा बंद करा असा सर्वोच्च न्यायालयाचा ३० डिसेंबर १९९६ चा निकाल आला, आणि तिथला काचधंदा नैसर्गिक वायूकडे वळला. आग तीच, इंधन बदललं. नियम पाळून काम करता येतं.

द्राक्षबाग

हॉलचं काय घेऊन बसलात. आमच्या शेडमध्ये या. पत्र्याचं छप्पर, खाली कोबा, चारी बाजूंनी मोकळी, छाटणी झाल्यावर रिकामीच असते. थ्री फेज आहे. पार्किंग भरपूर.

खवचट

आणि बाटल्याही.

द्राक्षबाग

रिकाम्या म्हटलंय मी.

तात्या गोदाकाठी

दिंडोरी लांब पडेल म्हाताऱ्यांना. पण गावात मोकळी जागा मिळणं, त्यातून सिंहस्थाच्या तयारीत, अवघड आहे हे खरं. काकूंना मी घेऊन येतो.

काचकमळ

शेड चालेल! पहिल्या खेपेला गर्दी नकोच. आतापर्यंतच्या चर्चेतून जे ठरतंय ते लिहिते, पटलं नाही तर भांडा.

विक्रीला बसायचं असेल त्याने दिवसातून एकदा तरी टॉर्चवर किंवा सुईवर बसून दाखवायचं. पाटी नाही, प्रमाणपत्र नाही, करून दाखवायचं. जो करत नाही आणि फक्त विकतो, त्याचं स्वागत आहे, पण प्रेक्षक म्हणून. स्टॉलचं भाडं नाही, खर्च वाटून घेऊ. टॉर्च आणि गाठवणं शेजारी शेजारी, म्हणजे माझा मणी पटवेकर वहिनींच्या हातात तिथल्या तिथे जाईल आणि धार राहिली असेल तर सगळ्यांसमोर परत येईल. भिंगाचं टेबल तात्यांचं, लॅपटॉपचं काकांचं. काकूंची ओसरी आगीपासून लांब, सावलीत.

ऋतुगंध

पहिल्या नियमाला दहा वेळा +१. पण मी नवखी आहे, सगळ्यांसमोर टॉर्चवर बसले तर माझा मणी लोंबेल.

सिएटलकर

लोंबू दे. तो अदलाबदलीत मला ठेव. डिसेंबरमध्ये नाशकात आहे.

पटवेकरांची सून

मी येते, पण लग्नाची तिथ नसलेला रविवार धरा. आणि सुती दोरा, रेशीम, सुया मी आणते, ते विकत घेऊ नका, बाहेर भलतंच देतात. मणी आणणाऱ्यांनी भोकाचं माप आधी सांगावं. बारीक भोकाच्या मण्यातून दुपदरी जात नाही, मग ऐनवेळी माझ्या नावाने बोंब नको.

काचकमळ

माझे मँड्रेल दीड आणि अडीच मिलिमीटरचे आहेत. दुपदरीला अडीचचे करते. तिथी बघून दोन रविवार सुचवा, द्राक्षबाग यांना छाटणीचं विचारून एक पक्का करू.

खवचट

माझी माळ लॅपटॉपसमोर धरून बघितली. चोपन्नपैकी एकही मणी उजळला नाही, सगळीकडून फिरवून पाहिले. काका, निदान काच चांगली मुरवलेली आहे म्हणायची!

भट्टीबहाद्दर

उत्तम मुरवलीय. घेऊन या, भिंगाखाली बुडबुडे मोजू. आणि १९ किलोचा सिलेंडर कोण आणतंय ते अजून कोणी लिहिलेलं नाही.